झाडाचा रिप्लाय उशिरा येतो

मेल टाकला आणि दोन तासांत उत्तर आलं नाही, की आपण कासावीस होतो. रिमाइंडर टाकतो, सीसीमध्ये साहेबांना घेतो, शेवटी फोन लावतो. मला एका मेलचं उत्तर सहा वर्षांनी आलं. तेही गाडीच्या टपावर!

सांगते.

आमचं घर म्हणजे प्रभात रोडच्या एका गल्लीतला जुना बंगला. बंगला म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, तसलं काही नाही. खाली तीन खोल्या, वर दोन, आणि पावसाळ्यात हमखास गळणारा एक कोपरा. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्यामुळे या रस्त्याला नाव मिळालं. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथला तो फेमस ‘विस्डम ट्री’, ज्याच्याखाली बसून विद्यार्थ्यांच्या कित्येक बॅचेस सिनेमावरून भांडल्या, तोसुद्धा आंबाच. आमच्या मागच्या अंगणातही एक आंबा आहे. आजोबांनी १९५८ साली लावलेला. हापूस वगैरे नाही, कोयीपासून उगवलेला साधा रायवळ. फळ लहान, धागे भरपूर, पण लोणच्याला एक नंबर.

२०१६ मध्ये मी पहिली गाडी घेतली. हिंजवडीतली नोकरी, पहिलं प्रमोशन, पाच वर्षांचा ईएमआय. गल्लीत पार्किंगची मारामारी. मग मीच घरात ठराव मांडला, की गाडी मागच्या अंगणात लावायची. अंगण मातीचं, पावसात चिखल होणार, म्हणून पेव्हर ब्लॉक. चार दिवसांत काम फत्ते. खाली मुरूम टाकून धुमसला, त्यावर कच, त्यावर लाल-करडे ब्लॉक, अगदी बुंध्याला चिकटून गोल. कडेने सिमेंट. काय दिसत होतं म्हणून सांगू! फोटो काढून फेसबुकवर टाकला. एकशे बारा लाइक्स.

त्या कामात पाण्याच्या पाइपसाठी एक चर खणला होता. त्यात दोन मुळं आडवी आली, मनगटाहून जाड. काम करणाऱ्या पोराने विचारलं, “ताई, तोडू का?” मी कॉलवर होते. मान हलवली.

तो होता माझा मेल. सेंड झाला आणि मी विसरूनही गेले.

पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही. मोहोर आला, कैऱ्या आल्या, आजीचं लोणचं झालं. तिसऱ्या वर्षी मोहोर विरळ वाटला. आम्ही हवेला दोष दिला. मग शेंड्याच्या काड्या वाळायला लागल्या. पानं लहान झाली. आम्ही म्हटलं, वय झालं बिचाऱ्याचं. २०२२ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी वारा सुटला, फार नाही, साधाच, आणि आख्खी फांदी गाडीवर आली. गाडीत कोणी नव्हतं. अंगणात आजी नव्हती. पाच मिनिटांपूर्वी होती.

त्या रात्री घरात मीटिंग बसली. बाबांचं म्हणणं सरळ होतं, झाड काढून टाकू. शेजारच्या काकांचं तर गेली दहा वर्षं तेच म्हणणं होतं, कारण पानं त्यांच्या टेरेसवर पडतात. आणि बाबांची भीती खोटी नव्हती हो. २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड कोसळून रस्त्याने जाणारी एक महिला गेली, ते सीसीटीव्ही फुटेज आपण सगळ्यांनी पाहिलंय. झाडांवर प्रेम वगैरे ठीक, पण खाली आपली माणसं वावरत असतात. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड-दोर घेऊन एक माणूस आलासुद्धा. “पोकळ झालंय, आज ना उद्या पडणार. पैसे नकोत, लाकूड आमचं.” इतकी सोपी डील मी प्रोफेशनल लाइफमध्ये पाहिलेली नाही.

आजी काही बोलली नाही. फक्त मला विचारलं, “गाडी नीट झाली का गं?”

बॉस, तिथे माझी विकेट पडली.

आईच्या ओळखीच्या एक काकू आहेत. कॉलेजात बॉटनी शिकवायच्या, आता रिटायर्ड. मी त्यांना घेऊन आले. आत्तापर्यंत जो कोणी आला, तो मान वर करून झाडाकडे बघायचा. काकू आल्या आणि जमिनीकडे बघायला लागल्या. बुंध्याभोवती एक चक्कर मारली, बोटाने ब्लॉकमधली फट उकरून पाहिली आणि म्हणाल्या, “हे कधी केलंत?”

“सहा वर्षं झाली.”

“मग बरोबर आहे. आत्ताच वेळ झालीये.”

त्यानंतर तासभर जे ऐकलं, ते मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. माझी समजूत अशी, की झाड वर जेवढं, तेवढंच खाली. म्हणजे मुळं खोल पाताळात गेलेली, वर काही केलं तरी त्यांना काय फरक पडतो? एकदम चूक. झाडाची बहुतेक मुळं, त्यातही पाणी आणि अन्न शोषून घेणारी बारीक मुळं, वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. कारण मुळांना हवा लागते. आणि पसरतात किती? फांद्यांच्या घेराच्याही बाहेर, बरीच लांब. मधली कंपाउंड वॉल त्यांना माहीत नसते. म्हणजे आमच्या अंगणाच्या त्या दीड-दोन फुटांत झाडाचं आख्खं किचन होतं आणि मी त्यावर मुरूम धुमसून, ब्लॉक बसवून, वर रोज हजार किलोची गाडी उभी करत होते. माती दाबली गेली की तिच्यातल्या हवेच्या बारीक जागा बुजतात, पाणी खाली उतरत नाही, मुळं हळूहळू मरतात.

हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या झाडाकडे साठा असतो. खोडात, जाड मुळांत पिष्ट साठवलेलं असतं. त्या सेव्हिंग्जवर ते दोन-चार वर्षं काढतं. आपल्याला वाटतं, काही झालं नाही. मग बॅलन्स संपतो आणि शेंडा वाळायला लागतो. तोवर आपण कारण विसरलेलो असतो आणि वयाला दोष देऊन मोकळे होतो. रायवळ आंब्याला साठ म्हणजे काय वय आहे? नीट सांभाळला तर तो शंभरी सहज पार करतो. आमचा म्हातारा झाला नव्हता, उपाशी होता.

मग प्रश्न पोकळीचा. तो कुऱ्हाडवाला म्हणाला ते खोटं नव्हतं, खोडात एका बाजूला डोली आहे, हात जाईल एवढी. माळीकाकांचा सल्ला होता, सिमेंट भरून टाका. पूर्वी हे सर्रास करायचे. काकूंनी हात जोडले. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. मग ते आतून घासतं, ओल धरून ठेवतं, कुजणं वाढतं. आणि मुख्य म्हणजे झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो, मधलं लाकूड फक्त आधाराचं. बाहेरची भिंत जाड आणि धड असेल तर पोकळ झाडही वर्षानुवर्षं उभं राहतं, पाइप उभा राहतो तसं. शिवाय ती डोली रिकामी कुठे असते? आमच्याकडे पिंगळ्याची जोडी आहे. संध्याकाळी दोन गोल डोळे बाहेर येतात आणि आपल्याकडे बघतात, अप्रेझलच्या वेळी एचआर बघते तसे. पुण्याच्या जुन्या भागांत राखी धनेश दिसतो, त्यालाही घरट्यासाठी अशीच मोठ्या झाडाची ढोली लागते. नव्या सोसायटीच्या गेटवरच्या पामला ती सोय नाही.

इथे काकूंनी मला एका भन्नाट माणसाची गोष्ट सांगितली. अ‍ॅलेक्स शिगो. अमेरिकेच्या वनखात्यातला शास्त्रज्ञ. या गृहस्थाने चेनसॉ घेऊन हजारो झाडं उभी चिरून आत बघितलं, जखम झाल्यावर झाड नेमकं काय करतं ते. आपली कातडी फाटली तर त्याच जागी नवी येते. झाडाचं तसं नाही. जखमी लाकूड झाड दुरुस्त करत नाही, ते त्याभोवती भिंती घालतं, तो कप्पा सील करतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. १९७७ मध्ये हे त्याने व्यवस्थित मांडलं आणि झाडं छाटायची जगभरातली पद्धत बदलली. याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच, की जुन्या झाडावर घातलेला प्रत्येक घाव आत कायमचा राहतो. सेंड झालेला मेल रिकॉल होत नाही.

म्हणून छाटणी. आपल्याकडे मेच्या शेवटी ‘पावसाळ्याआधी झाड हलकं करू’ म्हणून शेंडे उडवतात, झाडाचा पार खांब करून ठेवतात. वाटतं, आता सेफ. होतं उलटं. घाबरलेलं झाड त्या तुटक्या टोकांवरून धुमारे फेकतं, ते भराभर वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते. खालचं टोक कुजत जातं. चार-पाच वर्षांनी त्याच फांद्या जड होऊन पडतात. म्हणजे आज धोका कमी केला असं वाटत असताना आपण पुढच्या धोक्याची एफडी करत असतो.

मग करायचं काय? वाळलेली, मोडकी, एकमेकींवर घासणारी फांदी काढायची. हिरवी फांदी शक्यतो ठेवायची, कारण पानं म्हणजे झाडाचा पगार. नाइलाज झाला तरी एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या पाव हिश्शाहून जास्त कधीच नाही, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाचा त्याहून खूप कमी. फांदी खोडाला मिळते तिथे थोडी सुजल्यासारखी कॉलर असते, ती न दुखावता तिच्या लगेच बाहेर काप घ्यायचा. जड फांदी एका घावात पाडायची नाही. खोडापासून फूटभर लांब आधी खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून, आणि शेवटी उरलेला थुटका काढायचा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. आणि कापलेल्या जागी डांबर, ऑइल पेंट काही फासायचं नाही. झाड त्याचं बघून घेतं.

हे सगळं करण्याआधी एक कागद लागतो. आपल्याकडे १९७५ पासून महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी आपल्या मनाने तोडता येत नाही, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘हेरिटेज ट्री’ ठरलं आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असा हिशेब आला. म्हणजे आमचा साठी ओलांडलेला रायवळ हेरिटेज निघाला, शनिवारवाड्याच्या पंक्तीत! आम्ही महापालिकेत अर्ज केला, पाहणी झाली, वाळक्या फांद्या काढायची परवानगी मिळाली. मग दोर बांधून, एकेक फांदी खाली उतरवून, एका रविवारी ते काम झालं.

दुसरं काम माझं होतं. ब्लॉक उचलायचे. मशिन आणायचं नाही, हाताने. कारण खाली कुठे जिवंत मुळं असतील सांगता येत नाही. मी, माझा भाऊ आणि त्याचे दोन मित्र, बदल्यात मिसळ. तीन वीकेंड गेले. मुरूम खरवडून काढला. बुंधा मोकळा झाला तेव्हा काकूंनी दाखवलं, की चांगला बुंधा जमिनीला मिळताना हत्तीच्या पायासारखा पसरट दिसायला हवा. खांबासारखा सरळ जमिनीत शिरताना दिसला, तर समजायचं की कोणीतरी भर टाकून त्याचा गळा दाबलाय. आमच्याकडे सहा इंच भर निघाली. सालीत रुतलेली एक तारही सापडली, आजीच्या कपडे वाळत घालायच्या दोरीची. मी ओढायला निघाले. “ओढू नकोस! झाडाने गिळलीये आता ती. दोन्ही बाजूंनी काप आणि राहू दे.”

मोकळ्या मातीवर आम्ही तीन-चार इंच पालापाचोळा पसरला, त्याच झाडाचा, जो आम्ही वर्षानुवर्षं झाडून कचऱ्यात देत होतो. फक्त बुंध्याला टेकू द्यायचा नाही, वीतभर जागा सोडायची. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी, तेही बुंध्यात नाही तर फांद्यांच्या घेराच्या कडेला. युरिया बंद. आजारी माणसाला बिर्याणी देतो का आपण?

आणि गाडी? गल्लीत. मारामारी करून.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे बंगला? बरोबर आहे. पण पार्ल्यात, डोंबिवलीत, ठाण्यात, नाशिकच्या जुन्या कॉलन्यांमध्ये जिथे तुम्ही रेंटवर राहता, तिथल्या सोसायटीच्या आवारात कोणीतरी कधीतरी लावलेलं झाड आहेच की. ते कोणाचंच नसतं आणि सगळ्यांच्या मीटिंगमध्ये त्याचा निकाल लागतो. ‘कंपाउंड पेव्हिंग’ हा विषय अजेंड्यावर आला, की तुमचा हात वर हवा. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर म्हणजे अगदीच कमीत कमी. मोठ्या झाडाला जेवढी माती मोकळी द्याल तेवढी थोडी. शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट सुरू होतंय? बेसमेंटचा खड्डा भिंतीलगत आला तर तुमच्या झाडाची त्या बाजूची मुळं जाणार. खोदाई सुरू व्हायच्या आधी बोला, नंतर बोलून मुळं जोडता येत नाहीत.

झाडाचा स्वभावही बघा. गुलमोहर मादागास्करचा पाहुणा, दिसायला हीरो, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. त्याच्यावर जास्त लक्ष हवं. नारळाला फांद्याच नाहीत, त्याला एकच शेंडा. तो उडवला की संपलं. त्याच्या वाळलेल्या झावळ्या आणि नारळ वेळेवर उतरवणं हीच त्याची निगा.

दर वर्षी मेच्या पहिल्या रविवारी अर्धा तास द्या आणि हे बघा:

• बुंध्याशी किंवा जमिनीलगतच्या मुळांवर भूछत्रं उगवलीत? आत कूज असू शकते.
• झाड अचानक कलल्यासारखं वाटतंय आणि विरुद्ध बाजूची माती उचललीये? खाली कोणाला उभं राहू देऊ नका, लगेच जाणकाराला बोलवा.
• दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात नवी चीर दिसतेय?
• खोडाच्या भोकातून लाकडाचा भुसा पडतोय? आंब्यात हा बहुतेक भिरुडाचा उद्योग असतो.
• शेंडा वाळतोय? गेल्या पाच-सात वर्षांत जमिनीत काय खोदलं, काय ओतलं, ते आठवा.
• आंब्यावर वेगळ्याच पानांचा झुबका दिसतोय? बांडगूळ असेल. लहान आहे तोवर काढून टाका.
• खिळे, बोर्ड, दिवाळीत गुंडाळलेली लाइटची माळ अजून तिथेच आहे? उतरवा.

यातली पहिली तीन दिसली तर प्रेमाबिमात न अडकता तज्ज्ञाला दाखवा. कधीकधी झाड काढावंच लागतं. पण तो निर्णय कुऱ्हाडवाल्याचा नको आणि टेरेसवर पानं पडणाऱ्याचाही नको.

आमच्या आंब्याचं काय झालं? फिल्मी एंडिंग नाही. २०२३ मध्ये काहीच झालं नाही, उलट आणखी एक फांदी वाळली आणि बाबांनी माझ्याकडे ‘सांगितलं होतं ना’ असं बघितलं. २०२४ मध्ये पालवी जरा दाट आली. एका बाजूचा शेंडा अजून बोडकाच आहे, त्या बाजूला आम्ही आजीची खुर्ची ठेवत नाही. काकू म्हणतात, तोडलेल्या त्या दोन मुळांच्या बाजूचं सांगता येत नाही.

२०२५ च्या एप्रिलात कैऱ्या आल्या. मोजून एकवीस. पूर्वी बरण्या भरायच्या, या वेळी एक छोटी काचेची बाटली भरली. आजीने ती माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “ऑफिसात सगळ्यांना वाटू नकोस. पुरायची नाही.”

वाटली नाही. ड्रॉवरमध्ये आहे, लॉक करून.